मामूंचा हात

उदगीरमध्ये एखादा माणूस एकाच पायात चप्पल घालून टपरीवर चहा पिताना दिसला, तर त्याला कोणी काही विचारत नसे. त्यानं मामूंकडे चाकाचं काम केलंय, एवढं सगळ्यांना कळायचं.

मामू म्हणजे नांदेड रोडला, गाव संपता संपता, पत्र्याच्या शेडमध्ये बसणारे मिस्त्री. माझ्या नात्यातले नव्हते. त्या रस्त्यावरचे सगळे ड्रायव्हर त्यांना मामू म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. ते मला गुरुजी म्हणत. एका विनाअनुदानित शाळेत बरीच वर्षं मी बिनपगारी शिकवलं, मग आशा सोडून एक जुनी पिकअप गाडी घेतली. तेव्हापासून उदगीर, धर्माबाद, नांदेड असा फिरतो. मिरची, सोयाबीन, मंडपाच्या खुर्च्या, कुणाचं बिऱ्हाड, मिळेल ते वाहतो. हंगामात गावातल्या मजूर बायकांनाही शेतावर नेतो, मागच्या हौद्यात उभ्या करून. हे कायद्यात बसत नाही आणि माझ्या मनातही बसत नाही. पण त्या म्हणतात, तुम्ही न्हाई नेलं तर दुसरा नेईल, आणि तो पिऊन चालवतो. मग मी नेतो, आणि पूर्ण रस्ताभर आरशात मागं बघत राहतो.

मामू फक्त चाकांचं काम करायचे. इंजिनाला हात लावत नसत. "ते वकिलासारखं हाय," म्हणायचे. "आत काय चाललंय ते बाहेर कळू देत न्हाई. चाक बिचारं सरळ. दुखलं की आवाज करतं."

चाक ज्या हबवर बसतं, त्यातून जाड बोल्ट बाहेर आलेले असतात आणि त्यांच्यावर नट आवळून चाक पक्कं होतं. सुट्ट्या भागांचे दुकानदार त्यांना स्टड म्हणतात. मामू त्यांना दात म्हणायचे. गाडी दारात उभी राहिली की खाली वाकून चाकाकडं बघत बोलायचे, "काय रे, दात पाडून आला का?" हे ड्रायव्हरला नसायचं, गाडीला असायचं. ड्रायव्हरनं उत्तर दिलं तर म्हणायचे, "सुम्ने बसा. तुम्हाला कोण विचारलं?" सुम्ने हा सीमेपलीकडचा कानडी शब्द, म्हणजे गुपचूप. मामूंच्या शेडमध्ये तो दिवसभर ऐकू यायचा.

एक बोल्ट तुटला म्हणून कोणी आलं आणि म्हणालं, मामू, एकच टाका, तर ते काम करायला तयार नसत. त्या चाकाचे सगळे बोल्ट बदलायचे, नाहीतर दुसरीकडे जायचं. "एक दात पडला, तेव्हा त्याचा घास शेजाऱ्यांनी चावला. आता त्यांची मुळं हललीत. वरून दिसत न्हाई." ड्रायव्हर चिडायचे, शिव्या देत जायचे, आणि बहुतेक वेळा परत यायचे.

त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं मात्र नाही. लातूरच्या पाण्यानं बोल्ट लवकर गंजतात आणि नांदेडच्या पाण्यानं गंजत नाहीत, कारण ते गोदावरीचं आहे, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. बायको माहेरी गेली असताना माणसानं चाक खोलू नये, नट हरवतो, हेही ते शपथेवर सांगायचे. माझा एकदा नट हरवला तेव्हा मी त्यांना अडवलं. म्हणालो, "मामू, बायको तर घरीच आहे."

"मनानं गेली असंल," मामू म्हणाले आणि दुसरा नट शोधायला लागले.

मी घरी गेल्यावर बायकोला खरंच विचारलं, तुझं काही दुखलंखुपलंय का, माझं काही चुकलंय का. ती म्हणाली, "आता कुणी सांगितलं?" माझा स्वभाव असा आहे. पाऊस पडला नाही तरी मला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं असेल. मामूंनी ते फार लवकर ओळखलं होतं. एखाद्या दिवशी शेडमधली लाइट गेली की मला म्हणायचे, "गुरुजी, माफी मागा, म्हणजे येईल." आणि मी ओशाळून हसायचो.

आता चपलेचं सांगतो. नवे बोल्ट बसवले की ते लगेच पूर्ण बसत नाहीत. गाडी थोडी पळाली, खड्डे लागले, की ते आपली जागा धरतात आणि नट किंचित सैल होतो. म्हणून गाडी थोडी चालवून परत आणायची आणि नट पुन्हा आवळायचे. हे सगळे मिस्त्री सांगतात आणि सगळे ड्रायव्हर हो म्हणून निघून जातात. मामूंनी त्यावर उपाय काढला होता. काम झालं की ते हात पुढं करायचे आणि म्हणायचे, "चप्पल." ड्रायव्हरनं एका पायातली चप्पल काढून द्यायची. ती शेडच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगली जायची. देगलूरला, नाहीतर मुखेडला जाऊन या, नट पुन्हा आवळून घ्या, चप्पल घेऊन जा. त्या भिंतीवर मी रबरी चपला पाहिल्या, एका पोलिसाचा बूट पाहिला, आणि आरोग्य केंद्रातल्या एका बाईंचं टाचेचं सँडलही पाहिलं.

एकदा एक वऱ्हाडाची गाडी आली. नवरदेव पुढच्या सीटवर, बाशिंग मांडीवर घेऊन बसलेला. ड्रायव्हरला कसला तरी नवस होता, तो अनवाणीच गाडी चालवायचा. काम झाल्यावर मामूंनी त्याच्या पायाकडं पाहिलं, मग नवरदेवाच्या पायाकडं पाहिलं.

"असं कसं मामू, लगीन हाय!" नवरदेवाचा मामा ओरडला.

"मग? लगीन पायाचं हाय का?"

वरात एका मोजडीनिशी देगलूरकडं गेली. तिथं करवल्या नवरदेवाचे जोडे पळवायला टपून बसलेल्या. त्यांना एकच मोजडी मिळाली. त्यांना वाटलं, दुसरी मुलाकडच्यांनीच लपवली. मुलाकडच्यांना वाटलं, आता मुलीकडचे थट्टा करून राहिले. वरमाई रुसून बसली. शेवटी ड्रायव्हरनं सगळं सांगितलं तेव्हा मांडवात जे हसू फुटलं, ते पुढं कितीतरी दिवस त्या गावात टिकलं म्हणतात. दुसऱ्या दिवशी नवरानवरी मोजडी घ्यायला आले. मामूंनी आधी नट आवळले, मग मोजडी दिली आणि नवरीला म्हणाले, "बेटी, ह्याला सोडू नको, हा परत येणारा माणूस हाय."

लोक हा किस्सा रंगवून सांगतात. चप्पल ठेवून घ्यायला मामूंनी का सुरुवात केली, ते मात्र कोणी विचारत नाही. मी विचारलं होतं. एक ड्रायव्हर आवळायला परत येतो म्हणून गेला आणि आलाच नाही. निलंग्याच्या बाजूला उतारावर त्याचं चाक निखळलं. शेजारी त्याचा भाऊ बसला होता, तो गेला. मामूंनी एवढंच सांगितलं. बोल्टही बरोबर बसवले होते, सांगितलंही होतं, म्हणजे त्यांची चूक काही नव्हती. मी तसं म्हणालोही. ते म्हणाले, "चूक न्हाई. पण मी जाऊ दिलं."

मला वाटतं, त्या दिवसापासून मी त्यांच्याकडं जास्त वेळा जाऊ लागलो. काम नसलं तरी.

माझ्या गाडीचं सगळ्यात मोठं काम खंडेनवमीमुळं निघालं. आमच्याकडं गाडीवाले खंडेनवमीच्या आधी गाडी धुतात, पुसतात आणि चाकांना चकचकीत चांदी रंग मारतात. मीही मारला. चाकं काढून आतून-बाहेरून, बोल्टांच्या भोकांभोवती, हबवर, जिथं म्हणून ब्रश पोचला तिथं. रंग नीट वाळायच्या आतच चाकं चढवली, कारण पूजेची वेळ झाली होती. झेंडूचे हार घातले. गाडी नवरीसारखी दिसत होती. नंतर थोड्याच दिवसांत मागचं डावं चाक बोलायला लागलं. मामूंनी चाक काढलं. भोकं लंबगोल झाली होती आणि बोल्टांचे आटे खाल्ले गेले होते. नटाखाली दबून रंगाचा थर झिजला होता. तेवढ्या फटीत चाक डुलत राहिलं आणि डुलून डुलून त्यानं बोल्ट खाल्ले.

मामूंनी रंगाचा एक पापुद्रा नखानं काढला, उजेडात धरला. "गुरुजी, ही पूजा होती का तेरवी?"

"चुकलं मामू. माझीच चूक आहे. मला कळायला—"

"थांबा, थांबा. दरसाल दसऱ्यानंतर माझ्याकडं रांग लागती. समदी मंडळी हेच करतात. तुम्ही एकटे का माफी मागता? समद्यांची मागायची तर बाहेर उभं राहून मोठ्यानं मागा."

मग त्यांनी जुने बोल्ट हातोड्यानं मागं पाडले, नवे मागून घातले, वॉशर लावून नटानंच ओढून बसवले. मी शेजारी बसून पाहत होतो. नट आवळताना मामू डोळे मिटायचे. पाना हातात, चेहरा वर, डोळे मिटलेले. शेवटचा झटका देण्याआधी क्षणभर थांबायचे. त्या थांबण्यात काय होतं हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मला विचारता आलं नाही. त्यांचा मुलगा, चांगला तीस-बत्तीसचा, दुकानात त्यांच्या हाताखाली काम करायचा. त्यानं हैदराबादहून टॉर्कचा पाना आणला होता. ठरलेल्या जोरापर्यंत आवळलं की तो टिक असा आवाज करतो. मामूंनी तो पेटीतून बाहेरच काढू दिला नाही. "पान्याला विचारायचं का, आवळलं का म्हणून? मग मी इथं कशाला बसलोय, हार घालायला?"

मुलाला ते साहबजादे म्हणत. तो बिचारा खाली मान घालून पंक्चर काढायचा.

मामूंना साखर होती. हे सगळ्यांना माहीत होतं, कारण बिनसाखरेच्या चहाला ते दररोज टपरीवाल्यासमोर शिव्या द्यायचे. त्यापुढचं मला कळलं ते अचानक. एकदा धर्माबादहून मिरची टाकून आलो होतो, ब्रेक घासल्यामुळं ड्रम तापला होता. मामूंनी तो दोन्ही हातांनी धरून बाजूला ठेवला. मी "मामू, गरम" म्हणेपर्यंत काम झालं होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग तळहाताकडं पाहिलं. हात लाल झाला होता.

"पक्का हात हाय," ते म्हणाले. "लोखंडाचा."

त्या दिवशी त्यांचा मुलगा मला सोडायला रस्त्यापर्यंत आला. "सर, तुम्ही सांगा ना त्यांना. हाताला कळून न्हाई राहिलं त्यांच्या. मी बोललो तर म्हणतात, दुकान पाहिजे का तुला? तुमचं ऐकतात."

"मी कसं सांगू?"

"कोणीतरी सांगायला पाहिजे, सर. उद्या एखादं चाक गेलं तर ते जगायचे न्हाईत."

मी सांगतो म्हणालो. घरी आलो, जेवलो, झोपलो. पुढच्या वेळी गेलो तेव्हा सांगितलं नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. ज्याच्या हातावर अर्ध्या तालुक्याची चाकं फिरतात, त्याला तुझा हात गेला म्हणून सांगायचं, तर माझ्यासारख्या माणसानं कुठल्या तोंडानं सांगायचं? मी दर वेळी गाडी घेऊन जायचो, ते डोळे मिटून नट आवळायचे, आणि मी देवाचं नाव घ्यायचो.

मग गेल्या सोयाबीनच्या हंगामात, एका सकाळी माझ्या मागच्या चाकाचे काही बोल्ट तुटले. दुसऱ्या दिवशी पहाटे बायकांना घेऊन शिवारात जायचं होतं. लगेच मामूंकडं गेलो. त्यांनी सगळे बोल्ट बदलले, नेहमीसारखे डोळे मिटून नट आवळले, माझी चप्पल टांगली. मी मुखेडला टोमॅटोचे रिकामे क्रेट आणायला गेलो आणि दुपारी परत आलो.

मामूंनी पाना लावला. पहिला नट जवळजवळ अर्धा फेरा फिरला. ते थांबले. दुसरा तसाच. तिसऱ्याला त्यांनी पाना लावलाच नाही, बोटांनी धरला. तो बोटांनी फिरला.

नवा बोल्ट बसताना नट थोडा सैल होतो, त्यासाठीच तर परत यायचं. पण बोटांनी फिरण्याइतका नाही. हे मला कळत होतं, तर त्यांना किती कळलं असेल.

"मामू, माझी चूक," मी म्हणालो. "माल जास्त भरला होता. आणि मुखेडच्या रस्त्याला खड्डे तर तुम्हाला माहीतच आहेत."

ते उठले. गुडघ्यावर हात देऊन सावकाश उठले. हौद्यात डोकावून पाहिलं.

"रिकामे क्रेट," ते म्हणाले. "लई जड असतात, न्हाई?"

मी हौद्याची फळी लावून घेतली.

"गुरुजी, उद्या ह्या गाडीत कोण बसणार?"

"आमच्या गावच्या बायका."

"त्यांच्या पोरांसमोर उभं राहून पण हेच म्हणणार का? माझी चूक, माल जास्त होता?"

"मामू..."

"तुम्ही रोज समद्याची माफी मागता. ज्याची चूक हाय त्याला कधी चूक म्हणलं का? म्हणा. जे दिसलं ते म्हणा."

त्यांचा मुलगा मागं टायरमध्ये हवा भरत होता. कॉम्प्रेसरचा आवाज होता. मी मामूंकडं बघत नव्हतो, त्यांच्या हातातल्या पान्याकडं बघत होतो.

"तुमच्या हाताला आता कळत नाही, मामू."

"मोठ्यानं. साहबजाद्याला ऐकू गेलं न्हाई."

मी पुन्हा म्हणालो. कॉम्प्रेसर बंद झाला. मुलगा उठून उभा राहिला होता. मामूंनी पाना त्याच्याकडं धरला. त्यानं तो घेतला नाही, बापाच्या चेहऱ्याकडं बघत राहिला.

"वो टिकटिकवाला लाव," मामू म्हणाले.

मुलानं पेटी आणली. नट समोरासमोरचे असे आलटून पालटून आवळले. प्रत्येक वेळी टिक व्हायचं. मामू तिकडं पाठ करून बादलीवर हात धूत होते. आधी रॉकेलनं, मग कपड्याच्या साबणानं, मग पुन्हा साबणानं. काम संपलं, मुलानं माझी चप्पल आणून दिली, तरी ते धूतच होते. मग पंच्याला हात पुसून ते माझ्याकडं आले.

"घरी सोडता का?"

इतक्या वर्षांत मी त्यांना कुठल्याही गिऱ्हाइकाच्या गाडीत बसताना पाहिलं नव्हतं. ते माझ्या शेजारी बसले. किल्ल्याच्या बाजूच्या गल्लीत त्यांचं घर होतं. दारासमोर गाडी थांबवली तरी उतरले नाहीत.

"ह्या टायमाला मी घरी कधी आलो न्हाई," ते म्हणाले. "ती काय करत असती ते पण म्हाईत न्हाई. तुम्ही चला आत. तुम्हीच सांगा तिला. तुम्हाला बोलता येतं आता."

मी गेलो. मामू मागून आले. दार ढकलल्यावर लहानसं अंगण. त्यांच्या पत्नी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांना ओळखत होतो, ईदला एक-दोनदा घरी गेलो होतो, भाभी म्हणायचो. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, आधी मामूंकडं पाहिलं, मग त्यांच्या हातांकडं. हात स्वच्छ होते. भर दुपारी, इतके स्वच्छ.

"भाभी," मी म्हणालो, "मला माफ करा, पण मामूंच्या हाताला... म्हणजे आज मीच त्यांना..."

"मेरेकू क्या बतारे, भाई?" त्या शांतपणे म्हणाल्या. "रमजान से इनके कुर्ते के बटन मैंच लगारी."

मामूंनी खाली आपल्या कुर्त्याकडं पाहिलं. गळ्यापर्यंत सगळी बटणं नीट लावलेली होती.

"तू बोली क्यों नै?"

"आप पूछे कब?"

भाभींनी ताट बाजूला सारलं, उठून मामूंसाठी खुर्ची ओढली. मामू बसले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही जा आता. पहाटे निघायचंय ना तुम्हाला."

मी निघालो. भाभींनी त्यांच्यापुढं तांदळाचं ताट सरकवलं होतं आणि मामू खाली वाकून, डोळे उघडे ठेवून, त्यातला एकेक खडा शोधत होते.